लाल बदाम दाबणारी

मी मोबाईल बोलतोय. एरवी माझ्यातून दुसरेच बोलतात, आज जरा माझं ऐका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते लोणंदच्या बाजारपेठेतलं दुकान आणि नीलिमाचा घामेजलेला तळहात. नीलिमा शिरवळच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बाकीच्या मुली डुलक्या काढायच्या आणि ही दोन्ही अंगठ्यांनी माझ्यावर भुतं लिहीत बसायची.

'तळ्याकाठची सगुणा' नावाची भयकथा एका ॲपवर भागाभागाने येत होती. नीलिमा तिची वेडी चाहती. सगुणा म्हणजे पाणी मागत दारोदार फिरणारी मेलेली बाई. पण लेखकाने गोष्ट मध्येच सोडली आणि तो गायब झाला. चाहत्यांचा ग्रुप नुसता हळहळत राहिला. नीलिमाने पुढचा भाग स्वतःच लिहून टाकला आणि वाचक तुटून पडले.

खरं सांगायचं तर सुरुवातीला ती वाईट लिहायची. किंकाळ्या, पैंजण, पांढरी साडी. उद्गारचिन्हाची जागा दाबून दाबून माझी काच झिजली असती. लोक मात्र "ताई, लय भारी" म्हणायचे. एकटी क्रांती तसं म्हणाली नाही. ती जतकडची.

"सगुणा सारखी किंचाळती कशाला?" तिने लिहिलं. "तहानलेल्या माणसाचा आवाज फुटत न्हाई. ती नुसती भांड्याकडं बघत बसंल."

नीलिमा आधी चिडली. मग तिने सगळं पुसलं आणि सगुणेला गप्प केलं. सगुणा आता उंबऱ्यात बसून घागरीकडे बघत राहिली. त्या भागात नीलिमाने एकही उद्गारचिन्ह दाबलं नाही. तिथून पुढे ती लिहायची ती क्रांतीने वाचावं म्हणून. जतला टँकरचं पाणी, म्हणून हिला तहान कळते, असं नीलिमाला वाटायचं. क्रांतीने तो समज कधी खोडला नाही.

मग क्रांतीचे शब्द थांबले. भाग टाकला की थोड्या वेळाने तिच्या नावाचा लाल बदाम तेवढा उमटायचा.

"रागावलीस का?" उत्तर नाही. "बरी आहेस ना?" उत्तर नाही. पुढचा भाग टाकला की पुन्हा बदाम.

एका सकाळी ग्रुपवर कृष्णातचा आवाज आला. तो क्रांतीच्याच गावचा, पण टेम्पो घेऊन सदा मुलखाबाहेर असणारा. "गड्यांनो, आपली क्रांती गेली. लय दिवस झालं म्हनं. मला बी आत्ताच कळलं."

आदल्याच दिवशीच्या भागावर क्रांतीचा बदाम होता. नीलिमाने मला ओढणीत गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवलं, जणू कुणी माझ्यातून तिच्याकडे बघत होतं. तो बदाम कुठून आला, मला तरी कुठे ठाऊक होतं?

ग्रुपला मात्र जत्रेचा उत्साह चढला. मेलेली वाचक लाईक करते! बातमी पसरली, वाचक वाढले. "ताई, आता क्रांतीचंच भूत लिहा." नीलिमाने लिहायला घेतलंही, आणि ते चांगलं उतरत होतं. पण तिने 'क्रां' एवढं टाईप केलं की मी जुन्या सवयीने पुढचं सुचवायचो: 'क्रांती, बरी आहेस ना?' प्रत्येक वेळी तेच. शेवटी ती थांबली. कृष्णातकडून पत्ता घेतला आणि सुट्टीच्या दिवशी जतची एसटी धरली.

वस्तीवर पत्र्याचं घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली क्रांतीचा फोटो. दारात तिची आई, मनुबाई, शेळ्यांना पाला टाकत होती.

"मावशी, मी नीलिमा. क्रांतीची मैत्रीण."

मनुबाईने तिला खालीवर न्याहाळलं. "गोष्टी लिवणारी व्हय?" आणि आतून क्रांतीचा मोबाईल आणून दाखवला. "घंटी वाजली की ह्यो लाल बदाम दाबायचा, असं तिनंच शिकिवलं. म्हनली, आई, मी दवाखान्यात आसले तर तू दाब. न्हाईतर तिला वाटंल, कुणी वाचलंच न्हाई. मला वाचाया येत न्हाई बाई. मी आपली दाबती."

नीलिमाने तो मोबाईल दोन्ही हातांत घेतला. "तिला काय झालं होतं?"

"किडन्या. सांगलीला मशीनवर न्यायची. पाणी मोजून द्यायचं, डाक्टरनं बजावलं हुतं. पोर भांड्याकडं बघत बसायची. आन् मी भांडं उचलून आत ठिवायची."

मनुबाईने उरलेला पाला शेळीपुढे सरकवला.

"काय आसतंय गं तुज्या गोष्टीत? ती एवढी वाट बघायची."

आता सांगण्यावाचून सुटका नव्हती. नीलिमाने मला हातात धरलं आणि सगुणेची गोष्ट वाचायला लागली. वाचत वाचत ती घागरीकडे बघत बसलेल्या सगुणेपाशी आली. मनुबाई पापणी न हलवता ऐकत होती.

"मग दिलं का तिला कुणी पानी?"

"अजून नाही. पाणी मिळालं तर गोष्ट संपेल, मावशी."

"मग संपू दे की."

परतीच्या एसटीत नीलिमाने शेवटचा भाग लिहिला. एक म्हातारी सगुणेला ओंजळभर पाणी पाजते, एवढंच. चाहते भडकले. "भीती कुठं गेली?" "पचका केला ताई!" निम्मे निघून गेले. नीलिमाने ग्रुप सोडला. आता ती हळू लिहिते, पुष्कळ खोडते, आणि गोष्टीतली माणसं तिची स्वतःची असतात.

पुढे क्रांतीच्या मोबाईलची बॅटरी फुगून तो कायमचा बंद पडला. नीलिमाने नवा मोबाईल घेतला, सगळे भाग स्वतःच्या आवाजात माझ्यात भरले आणि मला मनुबाईकडे ठेवून गेली.

मनुबाईने ते भाग एकदाच ऐकले. पण माईकचं चित्र दाबलं की आवाज साठतो, हे तिला कळलं. दुपारी काम उरकलं की ती मला समोर घेऊन क्रांतीशी बोलते. मधूनच कानडीत शिरते. शेळीला पिल्लू झालं, हरभरा बरा आलाय. मग थांबते. त्या वेळात माझ्यात फक्त पत्र्यावरचा वारा भरतो. थोड्या वेळाने ती "बरं" म्हणते आणि पुढचं बोलू लागते. कुणाला म्हणते ते मला विचारू नका.

नीलिमा, तू येशील तेव्हा तुला हे सगळं सापडेल. ऐकलंस की ते लिहायला तुझे अंगठे शिवशिवतील, मी त्यांना चांगला ओळखतो. पण मनुबाई तिथेच चुलीपाशी बसलेली असेल. आधी तिला विचार. ती नको म्हणाली, तर मला फळीवर ठेवून दे आणि तिच्याबरोबर चार घास जेव.