वाघाचा हातमोजा

भूमिका बाळंतपणाला नंदनवन वस्तीतल्या माहेरी आली, तेव्हा तिची आई मनकर्णा मोबाइलवर बघून क्रोशा शिकत होती. जन्माआधी बाळाचं नवं काही करायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. पण जनावरांच्या तोंडाचे हातमोजे दिसले आणि तिचे हात शिवशिवले. पहिला मोजा वाघाचा झाला, निदान वाघाच्या लांबच्या नातलगाचा.

दुपारी तो मनकर्णाच्या सासूबाईंच्या नजरेस पडला. "काय करून राहिली वं? पोटातल्या लेकराचं आधीच विणते का कोणी?"

"उसवून टाकते."

"उसवू तर नकोच! लेकराच्या नावाचे टाके उसवत नसतात."

मनकर्णा सुई धरून तशीच बसली. तेवढ्यात भूमिका पोट धरून दारात आली. "आई, बाळ सकाळपासून हललंच नाही वं."

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "ऑटो बोलाव."

ऑटोत मनकर्णाने लेकीच्या पोटावर तळहात ठेवला. दवाखान्यापर्यंत तीनदा तिला वाटलं, हललं. तिन्ही वेळा तो रस्त्यातला खड्डा होता.