उजवी बाजू

"नाक फेंदारल्यासारखं वाटतंय," विक्रीवाला म्हणाला.

"स्पोर्ट्स कार आहे हो ती. जरा रागीट दिसायलाच हवी," डिझाइनच्या मॅडम म्हणाल्या.

"रागीट वेगळं, सर्दी झालेली वेगळी."

सगळे हसले. भिंतीला टेकून उभे असलेले मातीकाका तेवढे हसले नाहीत. नाक दोन्हीकडे सारखंच होतं. त्यांचा जीव अडकला होता उजव्या बाजूला, मागच्या चाकावरच्या फुगवट्यात.

गाडी मातीची होती, पण पुऱ्या मापाची. या खात्याची रीतच अशी, की एकाच सांगाड्यावर दोन गाड्या घडवायच्या. डावा अर्धा एकीचा, उजवा दुसरीचा. मधोमध उभा आरसा बसवला, की ज्या बाजूला उभे राहाल ती गाडी पूर्ण दिसते. डावी बाजू यंत्राने दोन दिवसांत कोरली होती. उजवी काकांनी अकरा आठवडे हातांनी घडवली होती. पूर्वी इथे सहा कारागीर होते, आता ते एकटेच. महिनाअखेरीला तेही घरी बसणार होते. एकतीस वर्षांत त्यांच्या हातची अख्खी गाडी कधी रस्त्यावर आली नव्हती. कुठे दाराची कड, कुठे दिव्याची खोबण, एवढंच. ही शेवटची संधी.

दोन्हींतली एक निवडणारे साहेब उजवीकडे आले. बराच वेळ पाहत राहिले. काकांनी खांद्यावरचं फडकं मुठीत घट्ट धरलं.

"छान आहे," साहेब म्हणाले. "पण हिला घाईच नाही. डावी घ्या."

पाच मिनिटांत दालन रिकामं झालं. मॅडम तेवढ्या दारातून वळल्या. "काका, तुमचं काम म्हणजे प्रश्नच नाही. संध्याकाळपर्यंत उजवीची माती खरवडून उतरवून ठेवाल? उद्या यंत्र इकडेही डावीसारखंच कोरेल."

"ठेवतो."

ज्याने घडवलं त्यानेच उतरवायचं, हीही इथली रीत.

सफाईवाल्या मावशी बादली घेऊन आल्या. "कुठली पास झाली हो?"

"डावी."

मावशींनी दोन्हीकडून फेरी मारली. "मला विचारलं असतं ना..."

"काय सांगितलं असतं?"

"डावी दिसली की बाजूला व्हावंसं वाटतं. हिच्यावर हात फिरवावासा वाटतो."

"मग फिरवा की."

"नको बाई, हात ओले आहेत माझे."

काकांनी फडकं पुढे केलं. मावशींनी हात पुसले आणि दारापासून चाकापर्यंत सावकाश तळवा फिरवला. फुगवट्याच्या अलीकडे त्या थबकल्या. "इथं जरा खोल लागतंय. चुकलं का काही?"

"नाही. तिथे उजेड थांबतो."

मावशींनी मान वाकडी करून पाहिलं. "थांबतो खरा," म्हणाल्या, आणि बादली उचलून पुढच्या दालनात गेल्या.

अकरा आठवड्यांत त्या जागेबद्दल कोणी पहिल्यांदाच विचारलं होतं. घरी जाऊन हे सांगावं, तर घरी कोणी नव्हतं.

काकांनी पातं घेतलं. छतावरून पहिली साल निघाली, तशी आरशातल्या गाडीवरूनही निघाली. छतापलीकडे एक पिकल्या केसांचा माणूस त्यांच्याइतकाच वाकून, त्यांच्याच लयीत खरवडत होता. फार दिवसांनी समोर जोडीदार होता.

काम सरकत सरकत फुगवट्यापाशी आलं. मावशींच्या तळव्याचा ठसा अजून तसाच होता. दोघांचेही हात एकदमच थांबले.

काकांनी आधी दार उतरवायला घेतलं.