कारणाचा रकाना

म्हाताऱ्यांची आणि अपंगांची काळजी कशी सुधारावी, यावरचं संशोधन त्या निवासी केंद्रात सुरू होऊन तीन दिवस झाले होते. काळजी होती तशीच होती.

संशोधक मुलगी स्टुलावर बसून सगळं बघायची आणि तक्ता भरायची. मध्ये पडायचं नाही, असा नियम होता आणि तो ती मनापासून पाळायची.

चौथ्या दिवशी आंघोळीनंतर आयाने वाचा गेलेल्या शिंपीणआजींच्या कानाखाली अशी लगावली की कवळी पलंगाखाली गेली. मग त्यांचा हात पिरगाळून बाहीत कोंबला. कट्‌ असा आवाज झाला. आजींचं तोंड उघडं राहिलं, आवाज काही आला नाही.

"लिहिलंस का गं?" शेजारच्या पलंगावरून मास्तरीणबाईंनी विचारलं. त्यांची डावी बाजू लुळी होती, जीभ आणि उजवा हात मात्र शाबूत.

"कुठे लिहू, बाई?" मुलगी रडवेली झाली. "तक्त्यात फक्त रहिवाशांनी केलेली मारहाण आहे. कर्मचाऱ्यांना रकानाच नाही."

"आणि आम्ही मारलं तर?"

"मग वेळ, इजा आणि कारण. कारण सविस्तर लागतं. बाहेरची समिती ते वाचते."

"सविस्तर," बाई समाधानाने म्हणाल्या. "आयाबाई, जरा उशी वर करता का?"

आया वाकली. बाईंनी स्टीलचं बेडपॅन तिच्या नाकावर हाणलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा नाक जागेवर नव्हतं. बेडपॅन रिकामं होतं, असं मी म्हणणार नाही.

"थेरडे!" आयाने केस धरून बाईंचं डोकं पलंगाच्या दांडीवर आपटलं. दोन दात उडाले. वॉर्डबॉयने तिला ओढून बाहेर काढलं.

"लिही," बाई रक्त थुंकत म्हणाल्या. "कारण. मुद्दा पहिला, शिंपीणआजींचं मनगट."

"बाई, रकाना लहान आहे."

"मग पुरवणी जोड की!"

नऊ पुरवण्या झाल्या. समिती आली, आया गेली, आजींच्या मनगटाला प्लास्टर लागलं. बाईंची नोंद 'हिंसक' अशी झाली आणि त्यांचा उजवा हात पलंगाला बांधण्यात आला. ती गाठ आजी धड असलेल्या हाताने रोज गुपचूप सोडतात.

समोरच्या पलंगावरच्या पाय गमावलेल्या कंडक्टरबाई एवढंच म्हणाल्या, "भांडं मोकळं असेल तर इकडे द्या. माझंही एक कारण आहे."