हक्काचा खांदा

“सिद्धू, उतर खाली,” लालासाहेब दुकानाच्या दारातूनच म्हणाले.

सिद्धूच्या एका गालावर अजून फेस होता. वेशीबाहेरच्या वस्तीतला हा गडी पहिल्यांदाच गावातल्या न्हाव्याच्या खुर्चीत बसला होता. तो उठू लागला, तसं म्हाताऱ्या केरबानं त्याला खाली दाबलं.

“बस रं. अर्धी दाढी घिऊन कुटं निगालास?” मग वळूनही न बघता तो म्हणाला, “लालासाब, तुमचा नंबर ह्येच्या मागं. बसा.”

“ह्याच वस्तऱ्यानं माजी दाढी करनार?”

“व्हय. धुऊन. तुमची झाल्यावर बी धुतोच की.”

लालासाहेब गावातले मोठे बागायतदार. ते गेले ते परत आले नाहीत, आणि त्यांच्यामागं गावही यायचं थांबलं. कडेगावजवळची ही एकाहत्तर सालची गोष्ट. सुगी झाली, पण केरबाच्या दारात बलुत्याचं धान्य आलं नाही.

केरबा दुसऱ्या महायुद्धात पलटणीचा न्हावी होता. इटलीत जखमींच्या तंबूत त्यानं रक्तानं माखलेली तोंडं धुतली होती. त्याबद्दल तो बोलायचा नाही. पण एकदा मुलगा कृष्णात म्हणाला, “आबा, वस्तीच्या लोकांसाठी भाईर बाकडं टाकू. गाव बी ऱ्हाईल, तुमचा शब्द बी ऱ्हाईल.”

म्हातारा भडकला. “तितं मरताना कुनी मला जात सांगितली न्हाई, आन् हितं मी इचारू? बाकडं माज्यासाठी टाक. मी बसतो भाईर!”

कृष्णात सांगलीला गेला, विश्रामबागेत दुसऱ्याच्या सलूनमध्ये राबू लागला. केरबाची बायको साळूबाई शेजारच्या गावात मजुरीनं तण भांगलायला जाऊ लागली. केरबा मात्र रोज दुकान झाडून, पाणी तापवून बसायचा. पुढं सुट्टीवर आलेले फौजी येऊ लागले. एकदा तर लालासाहेबांचा फौजेतला थोरला मुलगा सयाजीच येऊन सिद्धूच्या मागच्या नंबराला बसला. बापानं त्याच्याशी अबोला धरला. बाकी गाव होतं तिथंच राहिलं.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात केरबा गेला. तिरडी बांधून झाली. अंगणात वस्तीतली माणसं, आणि रस्त्यापलीकडं केरबाची भावकी. मधे लालासाहेब आले.

“साळूबाई, झालं गेलं इसरू. ह्या वस्तीवाल्यास्नी मागनं चालू दे. खांदा भावकीच्या हक्काचा हाय.”

तिरडीजवळ बसलेली साळूबाई उठली.

“ह्येंनी जिता असताना कुनाला उठिवलं न्हाई, लालासाब. आता मी उठवू व्हय?”

“मग भावकी यायची न्हाई.”

“नगं येऊ दे. हक्काचा खांदा माजा हाय.”

विस्तवाचं मडकं धरलेला कृष्णात पुटपुटला, “आये, बाईमानसानं...” तिनं नुसतं बघितलं. तो पुढं चालू लागला.

पदर खोचून साळूबाईनं पुढची एक बाजू उचलली. दुसरीकडं सिद्धू, मागं वस्तीतले दोघं. साळूबाई ठेंगणी, तिरडी तिच्या अंगावर कलू लागली. सिद्धूनं ते पाहिलं आणि तो गुडघ्यात वाकला. मागचे दोघंही वाकले.

ओढ्यापर्यंत ती उंच माणसं तशीच, गुडघे मोडून, तिच्या उंचीनं चालत गेली.