पढीन आणि फेटा

जिथे तोंड उघडायला हवं तिथे मिठाची गुळणी धरून बसायचं, याला आमच्या सासरी खानदान म्हणतात. माझे सासरे अप्पासाहेब होळकर सरकारच्या शिकारखान्यात होते. राजांचे पाहुणे आले की त्यांना नावेत बसवून तलावात न्यायचं आणि त्यांच्या गळाला मोठा मासा लावून द्यायचा, हे त्यांचं काम. त्यासाठीच सरकारने त्यांना सिरपूरच्या तलावाच्या पाळीवर दोन खोल्यांचं दगडी घर बांधून दिलं होतं. सासरे गेले, राज्य गेलं, मध्य भारत आला आणि तोही गेला. भोपाळ राजधानी झाली. आमचे हे, जयसिंगराव, मात्र तलावाचे जमादार म्हणून त्याच घरात राहिले. काम तेच. पाहुणे तेवढे बदलले. आता रविवारी साहेब लोक येत.

त्या वर्षी खात्यातून निरोप आला की पाळीवरचं घर दिवाळीपर्यंत रिकामं करा. का, ते कोणी सांगितलं नाही. माझा तर जीव टांगणीला लागला. त्या घरात माझी दोन बाळंतपणं झाली होती. कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यापुढची फरशी माझ्या गुडघ्यांनी गुळगुळीत झाली होती. जायचं कुठे? तुकोगंजात भाऊ होता, पण त्याच्याच घरात पाय ठेवायला जागा नव्हती.

तेवढ्यात कळलं की ज्यांच्या सहीने हे सगळं होणार तेच मोठे साहेब भोपाळहून येताहेत, आणि त्यांना मासेमारीचा भारी शौक आहे. त्यांना पढीन हवा होता. पढीन म्हणजे लांब मिशांचा, खवले नसलेला, रुंद जबड्याचा राक्षस. मोठा झाला की माणसाएवढा लांब होतो. तो कुठे पडून असतो, कोणत्या वाऱ्यात चारा घेतो, हे ह्यांना ठाऊक होतं.

"एवढंच बोला," मी ह्यांना बजावलं, "साहब, घर रहने दीजिए. बस. चार शब्द."

"बोलणार ना," हे म्हणाले. "पण मछली के बाद. आधी मागायचं नसतं, शांता. रीत आहे."

ती रीत मला पाठ होती. पाहुण्याने मोठा मासा मारला की नेणाऱ्या माणसाने डोक्यावरचा फेटा सोडून पाळीवर अंथरायचा आणि मासा त्यावर ठेवायचा. पाहुण्याचा मासा उघड्या जमिनीवर ठेवायचा नाही. मग हात जोडून, बोडक्या डोक्याने उभं राहायचं. पाहुणा फेटा उचलतो, स्वतःच्या हाताने परत देतो आणि म्हणतो, "माग." तेव्हा मागायचं. सासऱ्यांनी असंच एकदा विहिरीसाठी मागितलं होतं आणि विहीर मिळाली होती. ज्यांना ही रीत माहीत होती ते सगळे आता तसबिरीत जाऊन बसले आहेत, हे मी ह्यांना कितीदा सांगितलं. पण ऐकतील तर शपथ.

साहेब रविवारी सकाळीच जीपने आले. माणूस वाईट नव्हता, हेच तर दुःख आहे. हसतमुख, गोल चेहऱ्याचा, डोक्यावर सोला हॅट. मी पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि लसणाची चटणी बांधून दिली तर मला हात जोडून "भाभीजी, तकलीफ क्यों की?" म्हणाले. आणि नावेत पाय टाकता टाकता त्यांनी ह्यांना स्वतःहून विचारलं, "कहिए जयसिंगरावजी, यहाँ रहने में कोई परेशानी तो नहीं?"

मी पाळीवर उभी होते.

"आपकी कृपा है साहब," हे म्हणाले. "सब ठीक है."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. देवाने दार उघडून विचारलं आणि ह्यांनी आतून कडी घातली!

नाव पलीकडच्या बाभळींखाली गेली. तिथे पाणी खोल आहे. बराच वेळ काहीच झालं नाही. मग साहेबांची काठी एकदम वाकली आणि ते ओरडले. काठीवरच्या दोरीच्या चरखीचा आवाज पाळीपर्यंत येत होता. हे मागून त्यांचा पट्टा धरून उभे होते आणि सांगत होते, "ढील दीजिए, साहब, अभी ढील!" मासा नावेला ओढत मध्यापर्यंत घेऊन गेला, परत बाभळींकडे आला, पुन्हा गेला. काठी साहेबांच्या हातात आणि अक्कल ह्यांची. साहेब घामाने निथळले होते आणि शाळेतल्या पोरासारखे हसत होते. शेवटी नाव पाळीला लागली तेव्हा पढीन नावेत आडवा पडला होता आणि त्याच्या मिशा अजून हलत होत्या.

ह्यांनी फेटा सोडला. लाल, लग्नातला. पाळीवर अंथरला, दोन्ही हातांनी मासा उचलून त्यावर ठेवला. मग हात जोडून, मान खाली घालून उभे राहिले.

साहेब बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, खरं सांगते. "क्या तमीज़ है!" ते म्हणाले. "यह तहज़ीब अब कहाँ मिलती है!" आणि त्यांनी ड्रायव्हरला खूण केली. ड्रायव्हरने मासा त्याच फेट्यात गुंडाळला आणि जीपमध्ये मागे टाकला.

हे तसेच उभे. हात जोडलेले, मान खाली. 'माग' या शब्दाची वाट बघत.

मला राहवलं नाही. मी पुढे झाले. "साहब, यह घर—"

"शांता!" हे इतक्या जोरात म्हणाले की मी दचकले. "आत जा."

साहेबांनी वळून घराकडे पाहिलं. दगडी भिंती, लिंबाचं झाड, समोर पाणी. "हाँ भाभीजी, घर तो बहुत सुंदर है," ते म्हणाले. "ऐसी जगह बरबाद नहीं होनी चाहिए." जीप धूळ उडवत गेली.

हे घरात येऊन बोडक्या डोक्याने बसले. पेटीत दुसरा फेटा होता तो मी समोर आणून टाकला तर हात लावला नाही. साहेब परत देईपर्यंत डोकं झाकायचं नाही म्हणे! दुसऱ्या दिवशी असेच बोडके पाळीवर गेले. आमच्याकडे पुरुष बोडका फिरतो तो सुतकातच, म्हणून ते पाहून शेजारची गंगूबाई रडतच धावत आली, "कोण गेलं गं बाई? कौन गुज़र गया?" मी म्हटलं, "अजून कोणी नाही. बस, चहा घे."

दिवाळीच्या आधी हुकूम आला. घर पाडायचं नव्हतं. साहेबांना जागा फार आवडली होती, म्हणून तिथे मासेमारीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी विश्रामगृह होणार होतं. साहेबांनी आवर्जून कळवलं होतं की जयसिंगरावांसारखा माणूस सोडू नका. पाहुण्यांना नावेतून तेच नेतील. माझ्या पुऱ्याही लक्षात होत्या, म्हणून स्वयंपाकाला मला ठेवा. आम्ही अन्नपूर्णेच्या देवळाजवळ एका खोलीत सामान हलवलं. देव टोपलीत घालून मी नेले.

विश्रामगृहाच्या पहिल्या रविवारी मी माझ्याच चुलीवर परक्याच्या पुऱ्या तळत होते. बाहेर हे स्वतःच्या दारावर टकटक करून उभे राहिले. दार साहेबांनी उघडलं. "आइए, आइए! आपकी अमानत है मेरे पास," म्हणत त्यांनी कागदाचं पुडकं पुढे केलं. आत फेटा होता. धुतलेला, इस्त्री केलेला. "उस दिन आप भूल गए थे. और बताइए, मैं आपके लिए क्या कर सकता हूँ? जो कहें."

झाऱ्या माझ्या हातातच राहिला. फेटा परत मिळाला होता, शब्दही मिळाला होता. सासऱ्यांच्या रीतीत काडीचीही कसर राहिली नव्हती.

ह्यांनी फेटा कपाळाला लावला. मग साहेबांच्या खांद्यावरून आत पाहिलं. जिथे आमचा देव्हारा होता त्या कोपऱ्यात पाहुण्यांचे चिखलाचे बूट ओळीने लावले होते.

"साहब," हे म्हणाले, "वहाँ जूते मत रखवाइए."

"बस? इतना ही?"

"बस."

साहेबांनी तिथल्या तिथे ड्रायव्हरला हाक मारली. बूट उचलले गेले. ओल्या फडक्याने कोपरा पुसलासुद्धा. मागितल्यापासून मिळेपर्यंत माझी एक पुरीदेखील तळून झाली नव्हती.

हे स्वयंपाकघराच्या दारात आले. फेटा हातातच होता. चेहरा असा की त्या दिवशी गंगूबाईने जे विचारलं होतं ते आज विचारावं.

"शांता," हे हळूच म्हणाले, "सांगितलं असतं तर साहेबांनी..."

"बोला ना," मी म्हटलं. "पुरं करा."

बाहेरून साहेबांनी हाक मारली, नाव तयार होती. हे फेटा बांधत बांधत पाण्याकडे पळाले.