चौदा पायऱ्या

फिंटन मॅकग्रोरीने तीस वर्षं आयर्लंडच्या डोनेगलमधल्या घरांवर दगडी कौलं बसवली. ओल्या छपरावर हा मांजरासारखा चालतो, असं लोक म्हणत. पण त्या मार्चमध्ये सकाळी दहालाच त्याच्या पोटात व्हिस्की होती, आणि हातातलं एक कौल निसटलं. खाली त्याची लेक ग्रॉन्या डबा घेऊन उभी होती. कौल तिच्यापासून दोन हातांवर पडून फुटलं.  ती डबा कुंपणाच्या भिंतीवर ठेवून सरळ निघून गेली. त्यानंतर तिने बापाचा फोन उचलला नाही.

जूनमध्ये दवाखान्याच्या भिंतीवर त्याला दारू सोडणाऱ्यांच्या सभेचा नंबर दिसला. फोनवरचा माणूस म्हणाला, "तुमच्याच गावात गुरुवारी असते की."

"आमच्या गावात नको. तिथं कुत्रंसुद्धा मला नावानं ओळखतं."

"मग शेजारच्या गावी जा. मंगळवारी अकराला, चर्चमागच्या हॉलमध्ये."

त्या मंगळवारी तो एक घोटही न घेता बसने गेला. हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडल्या होत्या, चहाची किटली होती, सात-आठ बायका होत्या. पुरुष एकही नव्हता. साठीची एक ठेंगणी बाई म्हणाली, "ये रे, बस. पहिल्यांदाच आलास ना? मी ब्रायडी."

फिंटन बसला. आता कुणीतरी आपली कहाणी सांगेल म्हणून वाट पाहत राहिला. ब्रायडीने पिशवीतून लोकरीची लड काढली आणि त्याच्या दोन्ही हातांत अडकवली. "धर घट्ट. मी गुंडा करते."

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की हा विणकामाचा वर्ग आहे. उठून विचारायचं म्हणजे कशासाठी आलो ते सांगावं लागणार. त्यापेक्षा तो लड धरून बसला. हात इतके कापत होते, की लोकर झुलत होती. ब्रायडीने ते पाहिलं आणि गुंडा करत राहिली.

निघताना मात्र हळूच म्हणाली, "वरच्या खोलीत दुसरी एक सभा असते. मागच्या दाराने जिना आहे."

"मी विणकामालाच आलो होतो," फिंटन म्हणाला.

"हो का? मग पुढच्या मंगळवारी सुया घेऊन ये."

आणि तो खरंच गेला. लागोपाठ तीन मंगळवार. जिन्याच्या दारापर्यंत जायचा, वरून येणारं हसणं ऐकायचा आणि मागे फिरून विणकामाला बसायचा. बायका त्याची थट्टा करत. "अरे, हे काय, मफलर की मासे धरायचं जाळं?" संध्याकाळी घरी गेला की बाटली होतीच.

त्यापुढच्या मंगळवारी तो पिऊनच आला. खोलीभर वास पसरला. बायकांच्या सुया थांबल्या. ब्रायडी उठली, त्याचा दंड धरून त्याला बाहेर जिन्यापाशी घेऊन गेली.

"माझा नवरा याच दारातून सहा वेळा परत फिरला," ती म्हणाली. "सातव्यांदा यायला उरला नाही. तुझे हात मी पहिल्याच दिवशी ओळखले. वाटलं, येईल आपल्या पायांनी, म्हणून नुसता जिना दाखवून गप्प बसले. चुकलंच माझं."

"मी प्यायलोय आज. असा कसा जाऊ?"

"मग काय, बरं झाल्यावर डॉक्टरकडे जाणार आहेस?"

"मला लाज वाटते, ब्रायडी."

"वाटू दे. तिच्यासकट चढ. मी तुला ढकलणार नाही. पण तू वर पोचेपर्यंत इथून हलणार नाही."

पायऱ्या चौदा होत्या. चर्चच्या शिखरावर दोरीने लटकून काम केलेला माणूस त्या कठडा धरून चढला.

वर नऊ माणसं होती. एक जण कॉलेजातला वाटत होता, एक बाई न्यायालयातल्यासारखा काळा कोट घालून बसलेली. कुणी नाक मुरडलं नाही. एका म्हाताऱ्याने खुर्ची सरकवली, हातात चहा दिला आणि म्हणाला, "आज नुसतं ऐक, गड्या. ऐकायला शुद्ध थोडी कमी असली तरी चालते." सगळे हसले. फिंटनला रडू आलं. जाताना म्हाताऱ्याने आपला फोन नंबर त्याच्या खिशात कोंबला. "बाटली उघडायच्या आधी लाव. नंतर लावलास तरी उचलीन, पण शिव्या देईन."

ऑगस्टमध्ये तो एकदा घसरला, बाटली उघडली. नंबर लावला, शिव्या खाल्ल्या, मंगळवारी पुन्हा गेला. नाताळ कोरडा गेला. तेव्हापासून त्याने स्वतःच्या गावातल्या गुरुवारच्या सभेलाही जायला सुरुवात केली. तिथे त्याला खाटीक भेटला, पोस्टमन भेटला. दोघांनी मान हलवली, एवढंच.

फेब्रुवारीत त्याने ग्रॉन्याला पत्र लिहिलं. सबब एकही सांगितली नाही. 'ते कौल माझ्या हातून निसटलं, वाऱ्याने नाही,' एवढंच कबूल केलं.

आठ दिवसांनी फोन आला. "बाबा, माझा अजून विश्वास बसत नाही."

"बसू नको देऊस. ठीक आहे ते."

 ती म्हणाली, "रविवारी कोंबडी भाजतेय. एक वाजता ये. आणि वास आला ना, तर दारातूनच परत पाठवीन."

तो पावणेएकलाच पोचला आणि पंधरा मिनिटं गाडीत बसून राहिला. जेवणात कोंबडी सुकी झाली होती, बोलणं त्याहून सुकं. जावई सारखा हवामानावर बोलत होता. पण ताटं उचलताना ग्रॉन्याने बापाचे न कापणारे हात पाहिले, थोडा वेळ पाहतच राहिली, आणि म्हणाली, "बटाटा अजून घे ना, बाबा. उरलाय."

फिंटनने दोन घेतले.