स्कूटीच्या पोटातले जंत

बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर त्या दुपारी ढोरांपेक्षा माणसंच जास्त होती. ढोरांना हगवण लागलेली, जबड्याखाली सूज लोंबत असलेली, आणि गावाला औषधापेक्षा धूर जवळचा वाटत होता. कारण घुग्घुसहून जंतहारी महाराज दुसऱ्यांदा आले होते, पांढऱ्या गाडीतून.

महाराजांनी परातीतल्या पाण्यात वीट ठेवली, विटेवर लालभडक लोखंड. त्यावर चिमूटभर भस्म टाकलं आणि बुडाला भोक पाडलेलं मडकं पालथं घातलं. भोकातून निघालेली बांबूची नळी इंदुताईंच्या कालवडीच्या नाकाशी धरली. कालवड शिंकली. मडकं उचललं, तर परातीत पांढरे किडे!

"देख लो! पोटातला जंत नाकातून उतरला!" महाराज गरजले. "आता डॉक्टरची दवा बंद. बोडीचं तीर्थ पाजायचं. दवा पाजली तर देव रुसते."

एवढ्या गर्जनेनं घसा कोरडा पडला, तेव्हा महाराजांनी गाडीतली विकतच्या पाण्याची बाटली काढून तोंडाला लावली.

इंदुताईंची गाय पहिल्या फेरीचं तीर्थ पिऊनच मेली होती. "तुझी श्रद्धा कमी पडली," असं सांगून महाराजांनी खापर त्यांच्याच माथ्यावर फोडलं होतं. आता गोठ्यात ही कालवड तेवढी उरली होती, आणि जनावरांच्या डॉक्टर रीतानं तिच्यासाठी दिलेलं औषध तसंच फळीवर पडून होतं.

तेवढ्यात रीताच आली. तिनं स्कूटी थेट परातीजवळ आणून लावली. "कालवड बाजूले करा जी. नळी माह्या गाडीले लावा."

"गाडी में जीव नहीं है, बाई!"

"मंग किडे बी निंगाचे नाई. भेता कायले?"

गावाची ढोरं राखणाऱ्या हरिदासनं लोखंड पुन्हा तापवून विटेवर ठेवलं. रीतानं महाराजांच्याच डबीतलं भस्म टाकलं आणि नळी हेडलाइटला टेकवली. मडकं उचललं. किडे हजर!

डोमा महाराजांचा पक्का भक्त. तो काळजीनं म्हणाला, "मॅडम, गाडी शेणात उभी ठेवता काय जी? तिलेबी जंत झाले!"

हशा पिकला. रीतानं डबी सर्वांपुढे धरली. आत भस्मात मिसळलेलं, तूप चोळलेलं बी होतं, रिंगणीच्या काटेरी झुडपाचं. तापलं की ते फुटतं आणि आतला पांढरा कोंब पाण्यात पडतो. झाला जंत.

"खरा जंत कुठी हाये, सांगू?" तिनं बोडीकडे बोट दाखवलं. "रोज दुपारी सारं गोहन, गावची सारी ढोरं, इथी बसते, पाण्यातच हगते. शेणातली अंडी पाण्यात फुटतात, गोगलगायीत वाढतात, मंग काठच्या गवताले चिकटतात. तेच गवत वासरं खातात. शेण तपासून मीनं हे पाह्यलं. दवा साऱ्या ढोरायले संगंच द्या, अन् पाणी हापशीवर पाजा."

"आन् हे तीर्थ?" इंदुताईंनी विचारलं.

"त्याच बोडीचं."

इंदुताईंनी तीर्थाचा तांब्या उचलला आणि महाराजांपुढे धरला. "घ्या, प्या."

"मेरा उपवास है."

"आत्ताच तं बाटली प्यायले तुमी! माही गाय मेली हे पाजून, अन् तुमी विकतचं पाणी पिऊन राह्यले?"

महाराज गाडीकडे निघाले, पण हरिदासनं आपली सगळी ढोरं रस्त्यावर आडवी घातली. रीतानं फोन करून बोलावलेले पोलीस येईपर्यंत ती हलली नाहीत.

चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच करा: ढोर बाजूला घ्या आणि चमत्कार पुन्हा करायला सांगा. इंदुताईंनी त्याच संध्याकाळी फळीवरचं औषध कालवडीला पाजलं. ती वाचली. गाय मात्र कुठल्याही धुरानं परत येणार नाही.